खालच्या सिलिंडरचा दाब

१

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात काम नव्हतं. येरमाळ्याच्या स्टँडमागं माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान. एरवी फेब्रुवारी लागला की डिझेल इंजिनांची रांग लागायची. कुणाचं काळा धूर सोडतंय, कुणाचं पाणी ओढत नाही. त्या वर्षी विहिरींनीच तळ दाखवला. इंजिन बिघडायला आधी ते चालावं तर लागतं! लोक यायचे, बाकावर बसायचे, तंबाखू मळायचे आणि उठून जायचे. मी पान्हे पुसून पुसून इतके चकचकीत केले होते की बघणाऱ्याला वाटावं, सराफाचं दुकान आहे.

म्हणून एस.टी.च्या कंडक्टरनं दाजींचा निरोप आणला, की होडीची मोटार धड चालत नाही, बब्रुवान मिस्त्रीला म्हणावं लगेच ये, तेव्हा खरं सांगायचं तर मला आनंदच झाला.

दाजी म्हणजे मच्छिंद्र, माझ्या धाकट्या बहिणीचे, अयोध्येचे मालक. उपसा सिंचन संस्थेत नोकरीला होते. दुष्काळी मुलखात होडीची मोटार कशाला, असं कुणालाही वाटेल. पण तलाव आटत आटत मधोमध उरला होता आणि भोवती कमरेच्या वर गाळ. त्या उरलेल्या पाण्यात संस्थेनं पिंपांचा तराफा सोडून त्यावर डिझेलचा पंप बसवला होता. तिथून पाइपानं पाणी काठाला यायचं, काठावर टँकर भरायचे, आणि टँकरवर सात गावं जगत होती. तराफ्यापर्यंत गाळातून एक चर उकरून ठेवलेली. दाजी रोज सकाळी डिझेल घेऊन त्या चरीतून होडीनं जायचे, दिवसभर पंपाशी बसायचे आणि दिवस मावळायला परत यायचे. होडीच्या मागच्या फळीला लावायची ती मोटार संस्थेनं कोकणातून जुनी आणलेली होती. वर दोन सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन, खाली पाण्यात पंखा, दोरी ओढून सुरू करायची.

आमच्या आजोबांना गावच्या आडाला हात लावता येत नव्हता. आता सात गावं दाजींच्या हातचं पाणी पीत होती. हे आम्ही कुणी बोलून दाखवत नव्हतो, पण घरात प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आणि दाजींना सगळ्यांत जास्त. दोन उन्हाळे झाले, त्यांनी एक दिवसही पंप बंद ठेवला नव्हता.

२

तलावाच्या काठाला संस्थेचं पत्र्याचं शेड होतं, शेजारी एक लिंब आणि मागं दाजींची खोली. मोटार लाकडी घोड्यावर चढवून ठेवली होती. मी दोरी ओढून पाहिली. मिस्त्रीच्या हाताला मीटरच्या आधी कळतं. एक सिलिंडर हाताशी झोंबत होतं आणि दुसरं ढिलं, नुसतं फुसफुसत होतं.

प्लग काढून दाबाचा मीटर लावला. वरच्यात पंच्याण्णव पौंड. खालच्यात चाळीस.

"थांबा पाव्हणं," दाजी म्हणाले. "ह्याला एक फुंकर लागती."

त्यांनी खालच्या प्लगच्या भोकातून मीटर काढला, वाकून त्या भोकाला ओठ लावले आणि चूल पेटवताना बायका फुंकतात तशी एक लांब फुंकर आत घातली. अगदी छातीतली सगळी. मग बाजूला होऊन दगडावर बसले आणि हातानं मला खूण केली, आता बघा.

मी मीटर लावून दोरी ओढली. पंच्याण्णव. मीटर झटकला, पुन्हा लावला. पंच्याण्णव. प्लग बसवून ओढली तर एका झटक्यात मोटार सुरू झाली. पाण्याबाहेर ती तापते म्हणून मी लगेच बंद केली.

मी हसलो. म्हणालो, दाजी, आत पेट्रोल साचतं, तुम्ही फुंकून ते उडवता, म्हणून सुरू होते. यात तुमचा गुण काही नाही. तेही हसले. संक्रांतीपासून हे चाललंय म्हणाले. आधी एक फुंकर आठ दिवस पुरायची, आता रोज लागते. एवढं सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मोटार सुरू का होते याचं कारण माझं मला पटलं होतं. मीटरचं पटलं नव्हतं.

मग मी साबणाचा फेस करून हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, सांध्याला गोल लावला. गळती असेल तिथं बुडबुडा येतो. आला. हेडच्या उजव्या अंगाला, जिथं खालच्या सिलिंडरचं गॅस्केट, सांधा हवाबंद ठेवणारी पातळ चकती, बसतं, तिथं बोराएवढा बुडबुडा फुगला. सापडलं, म्हणालो. गॅस्केट उडालंय, दुसरं काही नाही.

पान्हा घ्यायला वळलो आणि परत पाहिलं तर बुडबुडा लहान झाला होता. मग फुगला. मग लहान झाला. दोरी कुणी ओढत नव्हतं, दोरीचं चाक जागच्या जागी होतं. आत कोंडलेली हवा एकदा बाहेर येईल, बुडबुडा फुटेल, संपेल. ही बाहेर येत होती आणि परत आत जात होती.

ऊन फार आहे, मी मनात म्हणालो, लोखंड तापतं, हवा फुगते. आम्ही दोघांनी घोडा उचलून लिंबाच्या सावलीत आणला. घोडा खाली ठेवून दाजी धापा टाकत उभे राहिले. बुडबुडाही घाईघाईनं फुगायला आणि बसायला लागला. मी फडक्यानं फेस पुसून टाकला.

३

माझे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले, तेव्हा त्यांनी घरातले टाक, अंगारे, ताईत एका पाटीत भरून नेऊन टाकले होते. "आता कारण हुडकायचं. नवस बोलायचा न्हाय," असं ते आम्हाला सांगायचे. मी मिस्त्री झालो तो त्या एका वाक्यामुळं, असं मला वाटतं. इंजिनात कारण असतंच. नाही सापडलं तर शोधणारा आळशी.

तेव्हा मी कारण शोधायला बसलो. संस्थेचे चेअरमन आण्णासाहेब, मोठे बागायतदार पण बोलायला मऊ माणूस, त्यांनी सात गावांत दवंडी देऊन दोन दिवस टँकर बंद राहतील असं कळवलं. दोन दिवसांवर जाऊ देऊ नका, एवढंच मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेड उतरवलं. पिस्टन चांगला होता. रिंगा मोकळ्या, नव्यासारख्या. सिलिंडरच्या भिंतीला ओरखडा नाही. फक्त गॅस्केटला एका जागी केसाएवढी चीर. या चिरीतून दाब गळणार, हे ठीक. पण मग फुंकर घातल्यावर पंच्याण्णव पौंड कसे भरत होते? चीर काही फुंकरीनं सांधत नाही.

त्या दुपारी एक गोष्ट झाली, तिच्याकडं मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. मी हेड मांडीवर घेऊन घासत बसलो होतो, सिलिंडर उघडे पडले होते. पलीकडच्या माळावर एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. दाजींनी उठून त्याला हाक मारली. एवढी मोठी हाक, की धनगर थांबला. मग दोघं तळ्याच्या या काठावरून त्या काठावर ओरडून ओरडून बोलत राहिले, कुठं चाललास, तिकडं चारा आहे का, सोयरे कसे आहेत. दाजी हसत परत आले. आज लई हलकं वाटतंय म्हणाले. जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

अयोध्या मला आत बोलावून हळूच म्हणाली, दादा, आज किती महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला. तिनं मग सगळं सांगितलं. तीन शब्दांवर चौथा शब्द बोलवत नाही. चूल फुंकायला घेतली तर फुंकणी हातातच राहते. तालुक्याच्या डॉक्टरनं फोटो काढला, छाती साफ आहे म्हणाला. निजले की कापसाची गादी उचलावी एवढीच छाती हलते, ती हलतेय का हे ती बसून बघत राहते.

"काय तरी झालंय दादा त्यास्नी. तू शिकलेला हाईस, बघ जरा."

मी म्हणालो, विश्रांती नाही माणसाला, दुसरं काय. दोन दिवस बसू दे, बरे होतील. तिला ते पटलं. मलाही पटलं होतं.

संध्याकाळी हेड परत बसवून नट आवळले, तसे दाजी जेवताना गप्प झाले.

४

तिसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायची ठरवली. नवं गॅस्केट सोलापूरहून यायचं होतं. ते येण्याआधी खात्री हवी, की दोष गॅस्केटचाच आहे. यासाठी आमची एक जुनी पद्धत आहे. फाटक्या गॅस्केटला दोन्ही अंगांनी जाड ग्रीस थापायचं आणि हेड आवळून बसवायचं. ग्रीसनं चीर तेवढ्यापुरती बुजते. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून चाक हातानं फिरवायचं. अंगठा उडाला, तर दोष गॅस्केटचा.

दुपारची वेळ. दाजी लिंबाखाली बाजेवर पडले होते. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर असेन. वारा नव्हता. ग्रीस लावून हेड बसवलं, पिस्टन वर आणून ठेवला आणि खालच्या भोकावर अंगठा धरला. चाक फिरवायला दुसरा हात नेणार, तेवढ्यात अंगठ्याखाली काहीतरी जाणवलं.

ओढ. मग ढकल. मग ओढ. बारीक, पण स्पष्ट. चाक हललं नव्हतं.

मी तसाच दाबून धरला, नीट कळावं म्हणून. ओढ वाढली. अंगठ्याची कातडी आत खेचली जायला लागली. आणि माझ्या ध्यानात आलं, की इतका वेळ कानावर पडणारा एक आवाज बंद झालाय. दाजींच्या घोरण्याचा.

मी मान वळवली. ते उताणे होते. तोंड उघडं. छाती खाली गेलेली आणि तिथंच राहिलेली. बाजेवरचा त्यांचा हात हळूहळू वर आला आणि हवेत काहीतरी चाचपायला लागला.

मी अंगठा उचलला. भोकातून फुस्स झालं आणि दाजींनी मोठा श्वास घेतला. हात खाली पडला. पुन्हा घोरायला लागले.

योगायोग, मी म्हणालो. झोपेत काही माणसांचा श्वास अडतो, मला ते ठाऊक होतं. आणि मिस्त्री एका परीक्षेवर निकाल देत नाही. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण मी पुन्हा अंगठा ठेवला.

घोरणं तुटलं. छाती खाली राहिली. मी मोजत होतो. पाच, सहा, सात. उचलला. श्वास आला.

तिसऱ्यांदाही ठेवला. या खेपेला अकरापर्यंत मोजलं. ओठ जांभळे झाले, टाचा बाजेवर घासायला लागल्या, आणि खोलीच्या दारातून अयोध्या धावत आली. तिनं त्यांना गदागदा हलवलं, अहो, अहो, करत. मी हात मागं घेतला. दाजी उठून बसले, घाम पुसला आणि माझ्याकडं बघून ओशाळं हसले. स्वप्न पडलं म्हणाले. कुणीतरी तोंडावर हात दाबला होता.

मी अंगठा पाहिला. त्यावर भोकाचा गोल वळ उठला होता, आणि तो ओला होता. पेट्रोलनं नाही, तेलानं नाही. मी तो धोतराला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिलो.

५

ग्रीस खरवडून काढलं. फाटकं गॅस्केट होतं तसं परत लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गळती जपून ठेवली. त्या केसाएवढ्या चिरीतून माझी बहीण सवाष्ण होती, असं मला त्या दिवशी वाटलं. हा विचार मनात आला याचाच मला राग आला.

आण्णासाहेबांना सांगितलं, मोटार संपली. आतून झिजली, दुरुस्तीत अर्थ नाही. त्यांनी विचारलं, वल्ह्यानं नेता येईल का होडी? पण डिझेलची पिंपं आणि चरीतला चिखल, वल्हं रुतायचं. शेवटी म्हणाले, दुसरी मोटार मागवतो, पंधरा दिवस लागतील, तोवर हीच ढकला. भला माणूस. मला उलट विचारलंही नाही.

दाजींना काय सांगायचं हा खरा प्रश्न होता. मी वाक्य जुळवून पाहिलं. दाजी, तुमचा श्वास त्या सिलिंडरात... पुढं जमेना. दाजी रविवारी विहारात लोकांना वाचून दाखवायचे, भानामती खोटी, करणी खोटी, कारण शोधा. त्यांना मी हे सांगू? वडील असते तर माझ्याकडं कसे बघते? आमच्यात असलं बोलत नाहीत. हे न बोलण्यासाठी आमच्या माणसांनी काय काय सोसलं होतं.

म्हणून मी कारणं दिली. चांगली, शहाणी कारणं.

फुंकू नका म्हणालो, पेट्रोलची वाफ छातीत जाते, त्यानंच दम लागतो. आणि मोटार बंद केली की लगेच खालचा प्लग काढून ठेवत जा, रात्रभर तसाच राहू द्या, आत ओल धरते ती सुकते. दाजींनी मान डोलावली. माझ्या शब्दाला ते मान द्यायचे.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरहून गॅस्केट आलं. कोरं, तांब्याच्या काठाचं. मी ते त्यांच्या हातात देऊन म्हणालो, याचं माप चुकलंय, कंडक्टरकडं परत द्या. ते मी माझ्या हातानं मोडून टाकायला हवं होतं. पण नवी वस्तू मोडायला मिस्त्रीचा हात धजत नाही.

६

दहा दिवस बरे गेले. अयोध्येचे निरोप येत होते. आता बोलतात, जेवतात, परवा तर गुणगुणत होते; मोटारीला तेवढ्या दहा-बारा ओढी लागतात. मी येरमाळ्यात बसून स्वतःला सांगत होतो, वाफच होती. पेट्रोलची वाफ. बघ, बंद केली तर माणूस सुधारला.

अकराव्या दिवशी सकाळी जीव राहवेना म्हणून पहिल्या गाडीनं गेलो. उतरून तलावाकडं चालत होतो तर लांबूनच मोटारीचा आवाज आला, आणि मी थांबलो. आवाज चुकीचा नव्हता. आवाज बरोबर होता. दोन्ही सिलिंडर एका तालात, स्वच्छ, टणक. त्या मोटारीतून असा आवाज निघालेला मी कधी ऐकला नव्हता.

मी पळत सुटलो.

काठावर तीन टँकर उभे होते, घागरी घेऊन बाया बसल्या होत्या. शंकरप्पा नावाचा टँकरवाला, सीमेकडचा माणूस, तो मला कौतुकानं सांगायला लागला. सकाळी मोटार लागेचना. तुमच्या दाजींनी पन्नास वेळा दोरी ओढली, फुंकायचं मात्र नाही म्हणत होते. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी बोललं, ह्या लोकांच्या हाती पाणी दिलं की असंच व्हायचं. दाजींनी दोरी सोडली. आत गेले, एक नवं गॅस्केट घेऊन आले, जुन्यावर ठेवून माप बघितलं. माप तंतोतंत बसलं. अर्ध्या तासात हेड खोलून बसवलं, आणि पहिल्याच ओढीला मोटार लागली.

"मिस्त्रीपेक्षा भारी निघालं की तुमचं पाव्हणं," शंकरप्पा म्हणाला.

शेडच्या ओट्यावर फाटकं गॅस्केट पडलं होतं. त्याच्या शेजारी प्लगचा पान्हा. हेड बसवताना होडीतून काढला आणि परत न्यायचा राहिला.

मी तो उचलला आणि काठाला आलो. होडी चरीतून बाहेर पडून मोकळ्या पाण्याला लागली होती. दाजी ताठ बसले होते. चालत्या मोटारीत हवा जाते, येते, तोवर चिंता नव्हती. पण तराफ्याशी गेल्यावर ती बंद करावीच लागणार. बंद होताना पिस्टन खाली थांबला तर सिलिंडरच्या बाजूची हवा-धुराची भोकं उघडी राहतात. मी स्वतःला हे सांगितलं, आणि सांगता सांगताच मला ठाऊक होतं, की दाब चांगला असला की चाक त्या दाबावर अडतं, पिस्टन वर चढता चढता थांबतो आणि सगळी तोंडं मिटलेली राहतात. चांगल्या मोटारीचं लक्षणच ते.

मी ओरडलो. बंद करू नका, दाजी, बंद करू नका. दोन्ही हात हलवले. त्यांनी वळून पाहिलं. मोटारीच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार? त्यांना वाटलं मी शाबासकी देतोय. त्यांनी मोटारीवर एक थाप मारून दाखवली आणि हात वर केला. एवढ्या लांबूनही ते हसत होते हे दिसत होतं.

होडी तराफ्याला लागली आणि मोटार बंद झाली.

सगळे काठावर पंपाच्या पहिल्या ठोक्याची वाट बघत होते. रोजचीच सवय होती ती. मोटार थांबते, दाजी तराफ्यावर चढतात, हँडल मारतात, पंप धडधडतो, बाया घागरी उचलतात. दाजी उठले. एक पाय तराफ्यावर ठेवला. तसेच थांबले. मग सावकाश मागं आले आणि होडीत बसले. पडले नाहीत, ओरडले नाहीत. दुकानाचं कुलूप लावलं की नाही हे आठवत बसावं तसे बसले. मग ते वळले, दोन्ही हात मोटारीकडं नेले आणि तिच्यावर वाकले.

मी गाळात उतरलो. पान्हा हातात होता. अर्धा आटा, प्लगचा नुसता अर्धा आटा ढिला करायचा होता मला. वीस पावलांत गुडघे गेले, पुढं मांड्या, मग कंबर. मागून लोक हाका मारत होते, मिस्त्री, येडा झालास का? मी पोटावर पडून हातानं गाळ ओढत राहिलो. शंकरप्पानं दोर टाकून मला बाहेर ओढलं तेव्हाही मी तिकडंच बघत होतो. होडी वाऱ्यानं थोडी फिरली होती. दाजींची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती.

७

टायरच्या ट्यूबा बांधून शंकरप्पा आणि दोघंजण गेले आणि होडी ओढून घेऊन आले. त्याला तासाच्या वर वेळ लागला.

दाजींचं कपाळ मोटारीला टेकलेलं होतं. दोन्ही हातांची बोटं खालच्या प्लगभोवती आवळलेली. चार नखं मुळातून तुटली होती आणि प्लगच्या चिनी मातीवर रक्ताचे ओरखडे होते. म्हणजे त्यांना कळलं होतं. कुणी न सांगता, शेवटच्या मिनिटात, कारण कळलं होतं.

लोकांनी त्यांना उचलून लिंबाखाली नेलं. आण्णासाहेब आले, डोळ्यांना रुमाल लावला. हार्ट म्हणाले, उन्हात पन्नास वेळा दोरी ओढली. डॉक्टरनंही तेच लिहिलं. मी होय म्हणालो.

होडीजवळ मी आणि अयोध्या उरलो. ती रडत नव्हती, अजून रडू आलं नव्हतं. मी प्लगला पान्हा लावला आणि अर्धा आटा फिरवला.

हवा बाहेर आली. त्या सिलिंडरात फार तर वाटीभर हवा मावते. ही येतच राहिली. संथ, उबदार, ओलसर, मधे एकदाही न अडता. ती माझ्या मनगटावरून गेली, मग अयोध्येच्या तोंडावरून. तिच्या कपाळावरचे केस हलले. तिनं डोळे मिटले. सोळा वर्षं एका माणसाशेजारी निजलेल्या बाईला काय ओळखायचं असतं ते तिनं ओळखलं. हळूहळू हवा बारीक होत गेली आणि थांबली.

तिनं डोळे उघडले.

"दादा, तू त्यास्नी रोज पिलग काढून ठेवायला लावत हुतास. कशापायी?"

माझ्या तोंडात खरं उत्तर होतं. पहिल्यांदाच ते पूर्ण वाक्य होऊन आलं होतं, एकही शब्द कमी नव्हता. आता ते सांगून काय वाचणार होतं? आणि न सांगून काय उरणार होतं?

"आत ओल धरती म्हणून," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता. अजूनही आहे.